उचल

शहापूर आता बेळगावचं उपनगर म्हणवतं, पण जुन्या शहापूरकरासमोर तसं म्हणून बघा. १९४८ पर्यंत हे गाव सांगली संस्थानात होतं. भोवती सगळा इंग्रजांचा मुलूख आणि मध्येच पटवर्धनांची ही पेठ. बेळगावात कलेक्टर, कॅम्प आणि पलटणी. कपिलेश्वराच्या देवळावरून पुढं आलं की सराफ, कापडवाले आणि विणकर. आमच्या सरकारी हायस्कुलाला अजून संस्थानिक चिंतामणरावांचं नाव आहे. संस्थान मुंबई राज्यात गेलं, १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ ला त्या राज्याचं कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. आजोबांनी या सगळ्या उलाढाली घराच्या एकाच कट्ट्यावर बसून पाहिल्या. दुसऱ्याच्या घरी कसं वागावं हे शिकायला शहापूरच्या माणसाने अमेरिकेला जायची खरं तर काही गरज नाही.

मी गेलो तो धंदा शिकायला, आणि तीही तशी गंमतच. कारण आमची पेढी आहे. साड्यांची. सूत आणि जरी आम्ही द्यायची, वडगाव-खासबागेतल्या विणकराने आपल्या घरच्या मागावर साडी विणायची आणि साडीमागे मजुरी घ्यायची. कांड्या घरातल्या बायका भरतात. त्यांची मजुरी वेगळी कुणी धरत नाही. शहापुरी साडीचं नाव झालं ते हातमागावर, पण मी जन्मापासून ऐकलाय तो यंत्रमागाचाच खडखडाट. लग्नसराईत चंदगड, सावंतवाडी, गोव्याकडची माणसं बस्ता बांधायला खडेबाजारात उतरतात, तेव्हा आठवडाभर आमच्याकडं जेवायला वेळ नसतो. एरवी सुरतेच्या साडीपुढं आमची साडी कशी टिकवायची, याचीच चिंता.

या धंद्याला धरून ठेवलंय ते उचलीने. विणकराच्या घरी लग्न निघालं, कुणी आजारी पडलं, मागाची मोटर जळली, की तो पेढीवर येतो. बाबा पैसे देतात. व्याज नाही, कागद नाही, फक्त लाल वहीत त्याच्या नावाच्या पानावर एक आकडा वाढतो. मजुरीतून थोडं थोडं कापलं जातं, सणाला पुन्हा वाढतं. आकडा शिल्लक आहे तोवर तो दुसऱ्याचं सूत घेत नाही. दुसऱ्या व्यापाऱ्याला तो विणकर हवाच असेल, तर त्याने आधी आमची उचल फेडायची आणि मग घेऊन जायचं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण मोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ‘अडीअडचणीला आम्हीच आहोत की,’ असं बाबा म्हणतात, आणि ते खरंही आहे. रात्री दोन वाजता दवाखान्याचे पैसे द्यायला बँक येत नाही, बाबा जातात.

मी गेलो ते एक्स्चेंजवर, आणि एक्स्चेंज म्हणजे काय हे घरी समजावून सांगणं फार सोपं गेलं. फी मी शिकत होतो त्या इथल्या संस्थेत भरायची आणि एक सत्र अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलमध्ये शिकायचं. तिथली फी नाही, कारण तिथला एक जण तसाच आपल्याकडं येणार. बाबांनी दोनदा विचारलं, ‘तिथलं काहीच भरायचं नाही?’ आजीने एकदाच ऐकलं आणि म्हणाली, ‘म्हणजे साटंलोटं की!’ साटंलोट्यात दोन्ही घरं दुसऱ्याच्या लेकीला जपून वागवतात, कारण आपलीही तिकडं असते. करारातली सगळी कलमं त्या एका शब्दात बसत होती, त्यामुळं पुढं कुणी काही विचारलं नाही.

व्हिसाची गंमत मात्र सीमाभागातल्या माणसालाच कळेल. मुंबई आम्हाला एका रात्रीच्या बसवर. पण अमेरिकन वकिलातीच्या वाटणीत कर्नाटक येतं ते चेन्नईकडं. म्हणजे सीमावादात महाजन आयोगाने काय दिलं, सुप्रीम कोर्टात काय चाललंय, याच्याशी अमेरिकेला देणंघेणं नाही. तिच्या लेखी आम्ही दक्षिणेकडचे. चेन्नईच्या खिडकीमागच्या अधिकाऱ्याने एकच गोष्ट नीट विचारली: परत येणार ना? एक्स्चेंजवाल्याला जो व्हिसा मिळतो, त्याचा सगळा जीव या एका प्रश्नात असतो. मी होय म्हणालो. पेढी आहे हेही सांगितलं.

महाराष्ट्रातून शिकायला अमेरिकेला जाण्याचा इतिहास मोठा आहे, आणि तो आठवला की मला स्वतःचं जाणं फार हलकं वाटतं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात गेल्या, १८८६ मध्ये एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूकही ठरली होती, पण पुढच्याच वर्षी, बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत, पुण्यात त्या गेल्या. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, आणि बदल्यात परत येऊन दहा वर्षं बडोदा सरकारची चाकरी करण्याचा करार. ते परत आले, बडोद्यात रुजू झाले आणि तिथं त्यांना राहायला जागाही कुणी धड दिली नाही. आमच्या बेळगावचंच बघायचं तर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते इथं. पुढं कडबा कापायची यंत्रं आणि नांगर आले. गाव वाढवायचं म्हणून ठळकवाडीतली जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर त्यांनी नवा डाव मांडला. त्यांचा मुलगा शंतनुराव १९२०च्या दशकात एमआयटीत यंत्रशास्त्र शिकून आला. परत आल्यावर त्या माळावरच्या कारखान्यात काय करायचं, हे त्याला जाण्याआधीच ठाऊक होतं. बेळगावात आता किर्लोस्कर रोड आहे, कारखाना नाही.

या सगळ्यांनी काहीतरी गहाण टाकलं होतं. प्रकृती, शब्द, बापाचा धंदा. मी काय टाकलं? तिथले गुण इथल्या सरासरीत धरले जाणार नव्हते, फक्त पास व्हायचं होतं. नोकरी द्यायला कंपन्या येत, त्यांच्या मुलाखतीही माझ्यासाठी नव्हत्या. कर्ज नव्हतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी मुलं-मुली, सगळी पंचविशी-तिशीतली, चांगल्या नोकऱ्या सोडून आलेली. नावाजलेल्या स्कूलमध्ये दोन वर्षांचा खर्च दोन लाख डॉलरच्या पुढं जातो, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा असतो. प्रत्येक तासाला त्यांचं काहीतरी पणाला लागलेलं असे. माझं काहीच नव्हतं. मी जेवायला बोलावलेला, पण वाढपाला हात न लावणारा पाहुणा होतो. सुरुवातीला हे खटकलं. नंतर लक्षात आलं की या रिकाम्या हातांमुळेच मला बरंच काही दिसतंय.

दिसलं ते आधी बोलणं. तिथं शिकवणं चालतं ते केस पद्धतीने, आणि ही पद्धत कायद्याच्या शिक्षणातून आली. हार्वर्डचं बिझनेस स्कूल १९०८ मध्ये निघालं आणि १९२१ मध्ये तिथं जनरल शू कंपनी नावाच्या एका बूट कारखान्याची कहाणी वर्गापुढं ठेवली गेली, ती पहिली केस मानतात. पुढं हीच पद्धत अहमदाबादच्या आयआयएममध्ये आली, कारण १९६१ मध्ये ती संस्था हार्वर्डच्या साहाय्याने उभी राहिली. पद्धत साधी आहे. कुठल्यातरी कंपनीची वीसेक पानी हकिगत रात्री वाचायची, शेवटी जोडलेले तक्ते चाळायचे आणि सकाळी वर्गात ‘मी त्या जागी असतो तर’ असं म्हणून निर्णय द्यायचा. बहुतेक केसमध्ये सुरुवातीला एक संचालक खिडकीतून बाहेर बघत विचारात पडलेला असतो. (आमच्या पेढीला खिडकी नाही, त्यामुळं आमच्यावर केस होणं अवघड आहे.) वर्गातल्या बोलण्याला गुण असतात, म्हणून न बोलणं परवडत नाही. प्राध्यापक अचानक कुणाचंही नाव घेतात. आणि ज्याचं नाव घेतलं तो उठत नाही, घसा खाकरत नाही, ‘मला वाटतं’ असं म्हणून चाळीस वर्षांची कंपनी बंद करून टाकतो. ऐंशी मिनिटांत कारखाने बंद होतात, उघडतात, विकले जातात. मग सगळे जेवायला जातात.

मला याचा राग यायला हवा होता, निदान तसं पुस्तकांतून वाचलं होतं. आला नाही. उलट हेवा वाटला. आमच्याकडं पेढीवर बसून मी लहानपणापासून धंदा पाहिला, पण धंद्याबद्दल बोलणं असं ऐकलं नाही. बाबा आणि काका भाव ठरवताना मान हलवतात, एखादा आकडा बोटाने गादीवर लिहितात, संपलं. विणकर मजुरी वाढवून मागायला येतो तेव्हा तो हवा-पाण्याचं बोलतो, मुलीच्या शाळेचं बोलतो, जाताना दारात चप्पल घालताना म्हणतो, ‘जरा बघा की.’ बाबा म्हणतात, ‘बघू.’ या ‘बघू’चा अर्थ दोघांनाही कळलेला असतो. मला तो कधी कळला नाही, आणि मी विचारलंही नाही. आपल्या घरात आपण हे विचारायचं नसतं.

मग एके दिवशी फॅबइंडियाची केस आली. कहाणी अमेरिकेतूनच सुरू होते. जॉन बिसेल नावाचा तरुण, न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानात खरेदीचं काम करणारा, १९५८ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या पैशांवर दोन वर्षांसाठी भारतात आला. काम काय, तर हातमागाच्या कापडाला बाहेर बाजार कसा मिळेल याचा सल्ला द्यायचा. मुदत संपली, तो राहिला, आणि १९६० मध्ये त्याने निर्यातीची कंपनी काढली. म्हणजे हाही एक्स्चेंजवालाच, फक्त परत न गेलेला. केसचा गाभा मात्र पुढचा होता. ठिकठिकाणच्या कारागिरांच्या पुरवठादार कंपन्या उभ्या करून त्यांत कारागिरांनाच भागीदार करण्याचा बेत. ते शहाणपणाचं आहे का, असा प्रश्न होता.

वर्गातला एकमेव हिंदुस्थानी चेहरा मी, तेव्हा नाव माझंच घेतलं गेलं. मी भागीदारीबद्दल बोललोच नाही. मी उचलीबद्दल बोललो. केसमध्ये विणकर होते, तक्ते होते, पण विणकर एका व्यापाऱ्याला का धरून राहतो हे कुठं नव्हतं. मी लाल वही सांगितली, रात्रीचा दवाखाना सांगितला, दुसऱ्या व्यापाऱ्याने उचल फेडून विणकर नेण्याची रीत सांगितली. ज्याच्या नावावर उचल आहे तो शेअर घेऊन काय करील, त्याला आधी सूत आणि रोख पाहिजे, असं काहीसं म्हणालो. प्राध्यापकांनी फळ्यावर एक चौकोन काढला आणि त्यात ते सगळं लिहून घेतलं. वर्ग शांतपणे ऐकत होता. मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मुलगी बोलली. ती आधी बँकेत होती, कर्जाच्या खात्यात. तिने फार साध्या सुरात विचारलं, ‘ज्याच्यावर उचल आहे आणि ज्याच्यावर नाही, त्या दोघांना साडीमागे मजुरी सारखीच मिळते का?’

मला माहीत नव्हतं.

तिने मला कोंडीत धरायला विचारलं नव्हतं. तिला खरंच आकडा हवा होता. कारण मजुरीत फरक असेल, तर तो फरक म्हणजेच व्याज, आणि मग बिनव्याजी म्हणून जे मी सांगत होतो ते बिनव्याजी नव्हतं. ती पुढं म्हणाली की ही रक्कम ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवायला हवी, आणि तिची हमी म्हणजे विणकराचे हात. कुणीतरी ‘बेडी’ असा शब्द वापरला. मला तोही खोटा वाटला नाही, फक्त अर्धा वाटला. कारण त्या वहीने बाबाही बांधलेले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, साडी उठेना, तेव्हा पुष्कळांनी सल्ला दिला की नुसता सुरतेचा माल विका, विणकरांच्या मागं कशाला लागता. बाबांना ते जमण्यासारखं नव्हतं. पैसे विणकरांच्या घरोघरी पसरलेले. सूत देणं थांबवलं तर ते बुडालेच. त्यांनी कमी का होईना, सूत दिलं. हे मी वर्गात सांगितलं. सांगतानाच कळत होतं की दोघं बांधलेले असले तरी वही एकाच्याच कपाटात असते.

तास संपला. जेवायला गेलो. प्रश्न मात्र माझ्याबरोबर आला.

मी होतो ते शहर फिलाडेल्फिया, आणि त्या शहराला धंद्याच्या शिक्षणाचा मोठा तोरा आहे. जोसेफ व्हार्टन या निकेल आणि पोलादाच्या कारखानदाराने १८८१ मध्ये एक लाख डॉलर देऊन तिथं अमेरिकेतलं पहिलं विद्यापीठीय बिझनेस स्कूल उभं केलं. देणगीबरोबर अटही घातली की परदेशी मालावर जकात बसवणं कसं योग्य आहे, हे विद्यार्थ्यांना ठासून शिकवावं. खुल्या बाजाराची पंढरी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांतल्या एकीची पायाभरणी अशी जकातीवर झालेली आहे. भोवती इंग्रजी मुलूख असलेल्या एका संस्थानी पेठेतून आलेल्या माणसाला हे वाचून हसू आवरत नाही.

पण मला त्या शहराचा दुसरा भाग बघायचा होता. केन्सिंग्टन. उंचावरून धावणाऱ्या लोकलमधून उतरलं की खाली अरुंद रस्ते, विटांची लांबलचक घरं आणि मधूनच चार-पाच मजली, शेकडो खिडक्यांच्या जुन्या गिरण्या. काहींचे फ्लॅट झालेत, काही तशाच पडून. आज हा भाग बातम्यांत येतो तो अमली पदार्थांसाठी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कापड-पेठांपैकी एक होता. गालिचे, मोजे, पडद्याचं कापड, लेस. आणि मला सगळ्यात जवळचं वाटलं ते हे की या अवाढव्य कंपन्यांच्या गिरण्या नव्हत्या. इथं लहान लहान मालक होते. एकाच्या इमारतीत दुसऱ्याने एक मजला भाड्याने घ्यायचा, वाफेची ताकदही भाड्याने, आणि चार माग टाकून स्वतः मालक व्हायचं. बाजारात जे मागतील ते थोडं थोडं विणायचं. विणकर कधी मालक होई, मालक बुडून पुन्हा विणकर होई. वडगावात हेच चालतं, फक्त वाफेऐवजी विजेचं बिल असतं.

१९०३ मध्ये इथं मोठा संप झाला. आठवड्याचे साठ तास पंचावन्नवर आणा, एवढीच मागणी. गिरण्यांत काम करणाऱ्या मुलांना घेऊन मदर जोन्स नावाची कामगार पुढारी, साठी उलटलेली बाई, इथून पायी निघाली ती थेट न्यूयॉर्कपलीकडं ऑयस्टर बेला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या उन्हाळी घरापर्यंत. रूझवेल्टनी भेट दिली नाही. त्याआधी १८७६ च्या प्रदर्शनात परदेशी कापड आपल्यापेक्षा सरस आहे हे बघून इथल्या मालकांनी १८८४ मध्ये कापडाची शाळाही काढली होती. शाळा चालली, वाढली, विद्यापीठ झाली. गिरण्या आधी दक्षिणेत कॅरोलिनाकडं गेल्या, मग देशाबाहेर. गिरणी जाताना विणकराला बरोबर नेत नाही. त्याच्यावर तिची उचल नव्हती, तो मोकळा होता, आणि मोकळा असल्यामुळं मागं राहिला. त्या रस्त्यावर उभं राहून मला एकदा वाटलं की बाबांची वही शहापूरला वाचवतेय. दुसऱ्या क्षणी त्या मुलीचा प्रश्न आठवला. केन्सिंग्टनमधल्या विणकराला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे मला ठरवता आलं नाही, आणि अजून आलेलं नाही. एका गोष्टीची मात्र खात्री आहे. उचल चांगली की वाईट हे वहीच्या मालकाच्या मुलाने सांगणं कुणी ऐकून घेऊ नये.

सत्र संपलं, मी परत आलो, खिडकीमागच्या अधिकाऱ्याला दिलेला शब्द पाळला. सुट्टीत पेढीवर बसायला लागलो. प्रश्न जिभेवर असे. बाबा सूत मोजून देत असत, विणकर खांद्यावर गाठोडं टाकून निघून जात, आणि मी हिशेब कॉम्प्युटरवर घालत बसे. लाल वही कॉम्प्युटरवर घालायची नाही, असं बाबांनी आधीच सांगितलं होतं. मजुरीचा फरक शोधून काढणं अवघड नव्हतं, पावत्या समोर होत्या. पण पावतीतून काढणं वेगळं आणि बापाच्या तोंडून ऐकणं वेगळं. मी विचारलं असतं तर बाबांनी रागावून नाही, आश्चर्याने बघितलं असतं. ‘असं काय विचारूलास रे?’ एवढंच.

पुढच्या सत्रात साटंलोट्याची दुसरी बाजू आली. तिथल्या माझ्या वर्गातला ओहायोचा एक उंच, मोकळाढाकळा मुलगा एक्स्चेंजवर आमच्या संस्थेत दाखल झाला. फॅबइंडियाच्या तासाला तो माझ्या पुढच्या रांगेत होता. म्हणाला, मला ती वही बघायचीय. दिवाळीनंतर मी त्याला घेऊन आलो. आजीने त्याला मांडे खायला घातले, त्याने ते कागदासारखे फाडून खाल्ले, त्यावर ती आठवडाभर हसत होती. दुसऱ्या दिवशी त्याला खासबागेत माग दाखवले. त्याने कानात बोटं घातली नाहीत, याचं विणकराला कौतुक वाटलं. मग आम्ही पेढीवर आलो. बाबांचं इंग्रजी बोलण्यापुरतं नाही, पण हिशेबापुरतं पक्कं आहे. उरलेलं मी सांगत होतो.

चहा आला. त्याने पहिला घोट घेतला आणि विचारलं, उचल असलेल्याला आणि नसलेल्याला मजुरी सारखीच देता का?

मी बाबांकडं बघितलं नाही.

‘नाही,’ बाबा म्हणाले. ‘थोडी कमी असते. साडीवर अवलंबून.’ आणि किती कमी, तेही सांगितलं. कसलाही संकोच नव्हता. सुताचा भाव सांगावा तसं सांगितलं. त्याने विचारलं, विणकराला हे माहीत असतं? ‘माहीत असतं की. न माहीत असायला काय झालं?’ माणूस वारला तर? ‘मुलगा माग चालवणार असला तर त्याच्या पानावर घेतो. नसला तर सोडून देतो. बायकोकडं मागत नाही.’ ओहायोवाला लिहून घेत होता. मी इतकी वर्षं ज्याच्याभोवती घुटमळलो, ते सगळं एक कप चहात बाहेर आलं होतं, कारण विचारणारा परका होता आणि परवा जाणार होता. चुलत्यांच्या मुलाने विचारलं असतं तर घरात वाटणीची बोलणी निघाली असती.

मग बाबांनी त्याला विचारलं, ‘तुझं शिक्षण कुणाच्या पैशावर?’

मी सांगायच्या आतच त्याला कळलं. कर्ज आहे म्हणाला. किती, तर लाख डॉलरच्या वर. बाबांनी मनात रुपये केले आणि चष्मा काढला. व्याज किती, विचारलं. तो म्हणाला, सात टक्क्यांच्या आसपास, काहीवर जास्त.

‘सात टक्के! शिकायला!’ बाबा माझ्याकडं वळले. ‘विचार त्याला, दिवाळं काढलं तर सुटतो काय?’

नाही सुटत, तो म्हणाला. बाकीची कर्जं सुटतात, शिक्षणाचं सहसा सुटत नाही. पण मेल्यावर सरकारी कर्ज माफ होतं.

‘मुलाच्या नावावर जात नाही?’

‘नाही.’

हे बाबांना पटलं असावं. त्यांनी थोडा वेळ घेतला. मग विचारलं, फिटेपर्यंत नोकरी सोडता येते का? येते, तो म्हणाला, पण लगेच दुसरी धरावी लागते, आणि पगार कमी असून चालत नाही. त्याला शाळेत शिकवायचं होतं, आता ते दहा वर्षांनी बघू.

‘म्हणजे ह्याला मालक बदलता येतो,’ बाबा म्हणाले, ‘उचल सोडवत नाही. आमचा माणूस उचल फिटली की मोकळा.’

मी ते ओहायोवाल्याला सांगितलं. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, तुमच्याकडं आजवर किती जणांची फिटली?

बाबांनी उत्तर दिलं नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडं फेकली. मी लाल वही काढली, त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती माझ्याचकडं सरकवली आणि पहिल्या पानापासून वाच म्हणाले. मी पान उलटलं, वरचं नाव वाचायला लागलो.

‘नावं नकोत,’ बाबा म्हणाले. ‘आकडे सांग.’